तोंडाने काही द्यायचं नाही

माझे सासरे आचारी होते. एका मोठ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये त्यांनी सगळी नोकरी काढली आणि निवृत्त झाल्यावर ती कँटीन घरी घेऊन आले. आमच्या घरात माणसं तीन आणि पातेली शंभर माणसांची. लग्नानंतर पहिल्यांदा मी चहा केला तो त्यातल्या त्यात लहान पातेल्यात, तर तळाशी चहा आहे की नाही हे वाकून बघावं लागलं. दारात माणूस आला की सासऱ्यांचा पहिला प्रश्न 'जेवलास का', दुसरा 'काय जेवलास', आणि तिसऱ्या प्रश्नाआधी ताट वाढलेलं असायचं. मीटर बघायला येणाऱ्यालाही त्यांनी कधी तसंच जाऊ दिलं नाही. आजारी माणूस खात असेल तर त्यांना त्याची काळजी नसे, आणि खात नसेल तर डॉक्टर काय म्हणतो ते ऐकायची त्यांना गरज वाटत नसे.

मी वीज कंपनीच्या तक्रार केंद्रात फोन घेते. लोक दिवसभर मला शिव्या घालतात आणि मी म्हणते, 'तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे.' या नोकरीने तुझा स्वभाव बिघडला, असं नवरा म्हणायचा. स्वभाव आधीपासूनच तसा होता, म्हणून तर नोकरी टिकली. एक गोष्ट मात्र या कामात शिकले. समोरचा माणूस काही सांगतोय की काहीच न सांगता नुसतं वाक्य पूर्ण करतोय, हे मला आवाजावरून लगेच कळतं. 'काम चालू आहे', 'वरिष्ठांना कळवलंय', 'तांत्रिक कारण आहे', ही वाक्यं मी रोज इतक्यांदा बोलते की दुसऱ्याच्या तोंडून आली की ओळखीचं माणूस भेटल्यासारखं होतं.

नवरा ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. मुलं त्याला 'क्लच सर' म्हणायची, कारण त्याचं कुठलंही वाक्य क्लचपासून सुरू व्हायचं. तोंडाचा पट्टा सकाळी सुरू झाला की झोपेपर्यंत बंद नाही. त्याच्या शेजारी बसून शिकलेल्याला गाडी येवो न येवो, आमच्या घरातली भांडणं सगळी ठाऊक असायची. बाजारात अनोळखी बाई मला विचारायची, 'फ्रीजचं काय ठरलं मग?'

त्या वर्षी जी साथ आली तिने स्कूलमधल्या सगळ्यांना गाठलं. काचा लावलेल्या गाडीत दिवसभर नव्या नव्या माणसांच्या शेजारी बसून बडबड करणारा माणूस, त्याला होणार नाही तर कुणाला. स्कूलचे मालक आठवडाभर खोकले आणि कामावर आले. एक मुलगी तर नुसती शिंकली. ह्याला मात्र आधी ताप, मग धाप, मग नळीतला प्राणवायू, मग घशात नळी, आणि शेवटी रक्त शरीराबाहेर काढून त्यात प्राणवायू भरून परत आत सोडणारं ते मशीन, इतकं सगळं माझी त्या महिन्याची कामाची पाळी बदलायच्या आत झालं. मशीनचं नाव एक्मो. एखाद्या बिस्किटाचं असावं तसं.

त्याला औषधाच्या झोपेतून जागं केल्यावर छातीच्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावून चित्र दाखवलं. निरोगी फुप्फुस चित्रात काळं दिसतं म्हणे. ह्याचं खालपासून वरपर्यंत पांढरं होतं.

"विषाणू केव्हाच गेलाय," ते म्हणाले. "पण फुप्फुसांचं चामडं झालंय. ती आता फुगणार नाहीत."

"औषधाने?"

"नाही."

"वेळ दिला तर?"

"दिला की आपण. आता दुसरी बसवायची, नाहीतर..." आणि ते थांबले. त्या इमारतीत मला मिळालेलं ते पहिलं अर्धवट वाक्य, आणि तेच मला पहिल्यांदा पूर्ण कळलं.

दुसरी फुप्फुसं म्हणजे कुणाची तरी. त्यासाठी यादीत नाव लागतं, आणि यादीत राहण्याच्या अटी असतात. माणूस जागा हवा आणि त्याने स्वतः हो म्हणायला हवं. त्याने मशीनसकट चार पावलं चालायला हवं, नाहीतर एवढं मोठं ऑपरेशन अंगाला झेपत नाही. घरी काळजी घेणारी दोन माणसं हवीत. आणि अंगात कुठेही नवा संसर्ग नको. फुप्फुसं येतील त्या दिवशी अंगात ताप असला तर ती पुढच्या माणसाला जातात. डॉक्टरांनी हे शेवटचं दोनदा सांगितलं. आमचं सगळं आता एवढ्यावर होतं: फुप्फुसं येतील त्या दिवशी हा ठणठणीत आजारी हवा, कणभरही जास्त आजारी नको.

नवऱ्याला डॉक्टरांनी बराच वेळ समजावलं. दुसऱ्याचा अवयव, जन्मभर गोळ्या, शरीर तो नाकारूही शकतं, मिळाली तर काही वर्षं मिळतील. गळ्याला भोक पाडून तिथून श्वासाची नळी घातलेली असल्याने त्याला आवाज नव्हता. ज्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे त्याला एक छोटा पांढरा बोर्ड आणि पेन दिलं होतं. त्यावर त्याने लिहिलं, 'इंजिन बदलायचं. चालेल.' डॉक्टर हसले. मी बाहेर जाऊन रडले आणि तोंड धुऊन परत आले.

काळजी घेणारं पहिलं माणूस मी. दुसरं कोण, तर सासरे, तिसरं कुणी नव्हतंच. प्रत्यारोपणाचं सगळं बघणाऱ्या समन्वयक बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून शिकवलं. हात कसे धुवायचे, मास्क कसा लावायचा, बाहेरचं खाणं का चालत नाही. सासरे प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते.

"समजलं ना आजोबा?" बाईंनी विचारलं.

"कँटीनला तपासणीची माणसं यायची," ते म्हणाले. "माझ्या ओट्यावर त्यांना कधी माशी सापडली नाही. स्वच्छतेचं तुम्ही मला शिकवू नका."

बाई हसल्या, मीही हसले. त्यांच्या स्वच्छतेत खरंच खोट काढायला जागा नव्हती.

घोडं अडलं ते खाण्यावर. पलंगाच्या डोक्याशी पाटी होती: 'तोंडाने काही द्यायचं नाही.' त्याला खाणं नाकातल्या नळीवाटे जायचं, पाकिटातलं, मातकट रंगाचं. गिळायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या, त्यांनी मला कारण सांगितलं. इतके दिवस नळ्या असल्याने घशाचे स्नायू गिळायचं विसरलेत. काही प्यायला दिलं तर ते पोटात न जाता श्वासनळीत उतरेल, आणि याला ठसकाही लागणार नाही, म्हणजे कळणारही नाही. त्या पुढे शिकवायला लागतील तेव्हा आधी कस्टर्डसारखं घट्ट देतील. पाण्यासारखं पातळ सगळ्यात शेवटी, कारण पातळ धावतं.

मी घरी जाऊन सासऱ्यांना हे शब्द न् शब्द सांगितलं. त्यांनी आमटीत डाव फिरवावा तसं माझं बोलणं ढवळून त्यातलं आपलं तेवढं काढून घेतलं.

"घट्ट?" ते म्हणाले. "आजारी माणसाला घट्ट? त्या बाईने कधी कुणाला जेवू घातलंय का?"

"बाबा, त्यांचं शिक्षण आहे त्यातलं."

"असेल. आणि ते नाकातून घालतात ते काय असतं? भिंतीला लावायचं असतं तसलं. त्याला वास नाही, चव नाही. पोटाला कळत तरी असेल का आपण जेवलो म्हणून?"

"पोटाला कळायची गरज नाहीये, बाबा. रक्ताला कळलं की झालं."

"तू फोनवर लोकांना अशीच उत्तरं देतेस?" त्यांनी विचारलं, आणि माझा पारा चढला. आम्ही दोन दिवस एकमेकांशी कामापुरतं बोललो.

खरा छळ तहानेचा होता. नाकातून कितीही पाणी गेलं तरी तोंड कोरडं ते कोरडंच. नवरा बोर्डवर लिहायचा, 'पाणी.' मी नाही म्हणायचे. तो खाली लिहायचा, 'एक घोट.' मग 'अर्धा.' मग नुसतं प्रश्नचिन्ह. मी ओल्या स्पंजने त्याचे ओठ पुसायचे, तर तो स्पंज दातात पकडायचा आणि चोखायचा. कुत्र्याच्या तोंडातून चप्पल सोडवावी तसा तो मला सोडवून घ्यावा लागायचा. तो हसायचा, मी त्याच्या हातावर चापट मारायचे. त्याचे ओठ फाटले होते. मी घरी पाणी प्यायचे ते उभ्याने, घाईघाईने, चोरून प्यायल्यासारखं.

सकाळी आणि संध्याकाळी मी असायचे. दुपारी मला कामावर जावं लागायचं, तेव्हा सासरे त्याच्यापाशी बसायचे. सोबत त्यांचा थर्मास. त्यांना दुपारचा चहा स्वतःचाच लागतो, हॉस्पिटलच्या चहाला ते भांडी विसळलेलं पाणी म्हणायचे. थर्मासकडे कुणी कशाला बघेल?

तो चालायला लागला. त्याला चालवायचं म्हणजे मंत्र्याचा ताफा: एक जण मशीन ढकलणार, एक जण नळ्या धरणार, एक जण त्याला, एक जण मागून खुर्ची घेऊन. पलंगापासून दारापर्यंत तो गेला आणि दाराची चौकट धरून उभा राहिला, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्या दिवशी मुद्दाम सुट्टी घेतली होती. डॉक्टर म्हणाले, "उत्तम. असाच ठेवा याला." सासरे माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "ही ताकद कुठून आली, सांग बघू."

"व्यायामाने."

ते गालातल्या गालात हसले. मला वाटलं, मुलगा चालला म्हणून हसताहेत.

त्या आठवड्याच्या शेवटी सकाळी मी त्याच्यापाशी होते. सिस्टर सक्शन करायला आल्या, म्हणजे गळ्याच्या भोकातून बारीक नळी आत घालून छातीतली घाण ओढून काढायची. रोजचंच होतं. पांढरट यायचं, कधी पिवळसर. त्या दिवशी नळीतून नारिंगी आलं.

सिस्टरचा हात थांबला. त्यांनी पाटीकडे बघितलं आणि मग माझ्याकडे. "काही दिलं होतं का तोंडाने?"

"छे, अजिबात नाही," मी म्हटलं, आणि ते म्हणता म्हणताच मला आमच्या स्वयंपाकघरातली दोरी दिसली. तिच्यावर काही दिवस एक मलमलचं फडकं वाळत पडलेलं असायचं, नारिंगी डागाचं. मी विचारलं होतं. सासरे म्हणाले होते, दाढ दुखतेय, सूप गाळून पितो.

नवरा छताकडे बघत होता. इतक्या वर्षांच्या संसारात तो छताकडे दोनच कारणांनी बघायचा, आणि छत गळत नव्हतं.

मी बोर्ड त्याच्या हातात दिला. त्याने लिहिलं, 'गाजर.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दबक्या आवाजात जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी चिडून बोलायला लागले की चादरीखाली त्याचा उजवा पाय दाबला जायचा, शिकाऊ मुलगा सुसाट निघाला की शेजारी बसून तो ब्रेक दाबायचा तसा. तो पाय दाबत होता आणि मी थांबत नव्हते. शेवटी त्याने बोर्ड पुसून लिहिलं, 'मीच मागितलं.' मग पुन्हा पुसून, 'रोज मागायचो. बाबा नाही म्हणायचे. मग एक दिवस आणलं.'

"आणि ते असं पाण्यासारखं?"

'तीनदा गाळायचे,' त्याने लिहिलं. 'घशात अडकू नये म्हणून.'

तीनदा गाळायचे. आयुष्यभर हजारो माणसांना जेवू घातलेल्या माणसाने, आपल्या पोराच्या घशाला त्रास होऊ नये म्हणून, अगदी काळजीने, धावत श्वासनळीत उतरेल असंच ते करून आणलं होतं. निष्काळजी माणसाच्या हातून एवढं नुकसान झालं नसतं. तो गाजराचा एखादा तुकडा घेऊन आला असता आणि सिस्टरने दारातच पकडला असता.

मी पिशवी उचलली. सासरे घरी होते आणि मला त्यांच्याशी बोलायचं होतं. नवऱ्याने माझी ओढणी धरली. त्याच्या हातात जोर नव्हता, पण मला सोडवून घेता येईना. त्याने दुसऱ्या हाताने, वाकड्या अक्षरात लिहिलं, 'बाबांना सांगू नको.' आणि मी वाचल्यावर त्याखाली एक रेघ मारली.

संध्याकाळी त्याला ताप भरला.

डॉक्टरांना मी सगळं सांगितलं, लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी औषधं बदलली आणि यादीतलं त्याचं नाव तात्पुरतं बाजूला ठेवलं.

"सूपामुळेच झालं ना हे?" मी विचारलं.

"तसं ठामपणे म्हणता येत नाही. अशा पेशंटला संसर्ग कशानेही होतो. अंगात नळ्याच इतक्या आहेत."

"पण सूपाने होऊ शकतो?"

"होऊ शकतो."

"आणि सूप दिलं नसतं तरी झाला असता?"

"झाला असता, असंही शक्य आहे."

मी रोज लोकांना हेच उत्तर देते. लाईट का गेली? काही सांगता येत नाही, झाड पडलं असेल, भार वाढला असेल. लोक चिडतात, म्हणतात, बाई, कुणाचं चुकलं तेवढं सांगा. मला ते मूर्ख वाटायचे. आता मलाही फक्त तेवढंच हवं होतं.

सासऱ्यांना आम्ही सांगितलं की संसर्ग वाढलाय, आत एकाच माणसाला सोडतात. डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी मी बोलतो. मी नको म्हटलं. मी त्यांना माफ केलं होतं असं कुणी समजू नये. त्यांची दाढ, त्यांचं फडकं, त्यांचं गालातलं हसू, सगळं मी मोजून ठेवलं होतं. मी फक्त त्या रेघेमुळे गप्प होते. सासरे रोज बाहेरच्या बाकावर बसायचे, मांडीवर थर्मास. मी आतून आले की विचारायचे, "अंगात त्राण आहे का? नाकातूनच चाललंय का अजून?" मी हो म्हणायचे आणि पुढे जायचे.

तीन दिवसांनी ताप उतरला. डॉक्टरांचा आवाज जरा मोकळा झाला. रक्ताचे शेवटचे अहवाल नीट आले की नाव परत लावू, असं ते म्हणाले. मी कामावर गेले. दुपारी माझ्या फोनवर एक आइस्क्रीमवाला होता, त्याच्या दुकानातली वीज गेली होती आणि सगळा माल वितळत होता. तेवढ्यात समन्वयक बाईंचा फोन आला. मी आइस्क्रीमवाल्याला लाइनवर धरून ठेवलं आणि तो घेतला.

"फुप्फुसं आली आहेत," त्या म्हणाल्या. "माप जुळतंय, रक्तगट जुळतोय. रक्ताच्या अहवालासाठी डॉक्टर थांबलेत, तो नीट आला की लगेच नाव लावतील. तुम्ही या."

मी आइस्क्रीमवाल्याला काहीच सांगितलं नाही. कानावरचा हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि धावत सुटले. टॅक्सीत मी कुणाची फुप्फुसं, काय झालं असेल, असला विचार केला नाही. माप जुळतंय, एवढंच डोक्यात फिरत होतं. लाल दिवा लागला की मी ड्रायव्हरवर खेकसत होते.

सासऱ्यांना कुणीतरी आधीच सांगितलं होतं. मी पोहोचले तर ते बाकावरून उठून उभे होते, डोळ्यांतून धार लागलेली. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "आलं बघ," ते म्हणाले. "आलं." मीही त्यांचे हात धरले. त्या वेळी मी सगळं विसरले होते. झालं ते झालं, गाजर तर गाजर, हा घरी आला की तिघं मिळून हसू, असंसुद्धा माझ्या मनात येऊन गेलं.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांनी ऑपरेशनची टोपी काढलेली होती. त्यावरूनच मला कळलं. रक्तात जंतू वाढले होते. ताप औषधाने दबला होता, गेला नव्हता. नवीन अवयव बसवला की शरीराची प्रतिकारशक्ती औषधाने मारावी लागते, आणि ती मारली तर हे जंतू त्याला आठवडाभरात संपवतील.

"मग ती?" मी विचारलं.

"दुसरा एक पेशंट तयार आहे."

कुणीतरी माणूस त्या दिवशी मेला होता. त्याच्या घरच्यांनी अशा वेळी मन घट्ट करून हो म्हटलं होतं. इतकं सगळं आमच्या दारापर्यंत येऊन परत गेलं. त्या दुसऱ्या पेशंटची बायको त्या क्षणी कुठेतरी रडत असेल, आनंदाने. मी तिचा मनापासून द्वेष केला. आजही करते, आणि तिचं काही चुकलेलं नाही हे मला ठाऊक आहे.

डॉक्टर गेल्यावर सासऱ्यांनी थर्मास बाकावर ठेवला. मग म्हणाले, "वशिला लागला कुणाचा तरी."

"नाही, बाबा."

"तुला काय माहीत? नाव आपलं, माप आपलं, आणि ऐन वेळी रक्तात जंतू? मी कँटीनमध्ये जन्म काढलाय. साहेबाचा पाहुणा आला की कामगाराच्या ताटातली वाटी कशी उचलली जाते, ते मी बघितलंय."

"बाबा, जंतू खरंच आहेत."

"मग ते आले कुठून? इतकी औषधं मारतात, फरशी दिवसातून दहादा पुसतात. कुणाचा तरी हलगर्जीपणा असल्याशिवाय होतं का असं? तू तक्रारींच्याच खात्यात आहेस ना? मग कर तक्रार. लिही, की ज्याने कुणी हे केलं त्याला सोडू नका."

त्यांचा चेहरा लाल झाला होता. ते माझ्याकडे बघत होते, मी आता काय करते म्हणून. 'तुमच्या सूपाने झालं हे', माझ्या जिभेच्या टोकावर हे वाक्य होतं, चार शब्दांचं. मी म्हटलं, "करते."

"नक्की?"

"नोंदवून घेतली, बाबा."

त्यानंतर सगळं उताराला लागलं. मूत्रपिंडं थकली, तेव्हा त्यांच्यासाठी दुसरं मशीन आलं. मग यकृत. पाय काळेनिळे पडायला लागले. नाव यादीतून काढलं, या वेळी 'तात्पुरतं' हा शब्द नव्हता. छातीच्या डॉक्टरांनी मला आणि त्याला एकत्रच सांगितलं. तो जागा होता आणि सगळं त्याला कळत होतं. हे मशीन फुप्फुसं येईपर्यंत होतं. आता ती येणार नाहीत. मशीन चालू ठेवलं तर तो हळूहळू, फार त्रास होत जाईल. बंद केलं तर औषध देऊन, झोपेत.

नवऱ्याने बोर्ड मागितला. त्याला पेन धरवत नव्हतं, मी त्याची बोटं धरली. त्याने लिहिलं, 'बंद.' मी हात सोडला नाही. मग त्याने लिहिलं, 'आधी पाणी.'

डॉक्टरांनी पलंगाच्या डोक्याशी हात नेला आणि ती पाटी स्वतः काढून खिशात घातली. "आता तोंडाने काय हवं ते द्या," ते म्हणाले.

मी त्याला पाणी पाजलं. पेलाभर. ते जिकडे जायचं तिकडे गेलं, सिस्टरने ते ओढून काढलं, मी पुन्हा पाजलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. इतकं सुख त्याच्या चेहऱ्यावर मी आमच्या बऱ्या दिवसांतही फारसं बघितलेलं नाही.

मग बाहेर जाऊन सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, त्याला खायला द्या म्हणताहेत."

ते माझ्याकडे बघत राहिले. माणूस साधा होता, पण दुधखुळा नव्हता. ते रडले नाहीत. "कधी?" एवढंच त्यांनी विचारलं.

"उद्या दुपारी बंद करणार."

"मग मी आत्ताच निघतो," ते म्हणाले. "गाजरं आणायला लागतील."

दुसऱ्या दिवशी ते दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आले. सोबत मोठा थर्मास, वाटी, चमचा, आणि घडी घातलेला स्वच्छ पंचा. त्यांना आता कुणी अडवलं नाही. त्यांनी पंचा मुलाच्या गळ्याखाली पसरला, नळीला धक्का न लावता, इतक्या सफाईने की ते रोज करत असणार हे आंधळ्यालाही दिसलं असतं. सूप वाटीत ओतलं, एक थेंब स्वतःच्या मनगटावर टाकून बघितला, आणि पहिला चमचा त्याच्या तोंडाशी नेला. नवऱ्याने तोंड उघडलं. मी पलंगाच्या दुसऱ्या बाजूला उभी होते. सिस्टर मध्येच येऊन गळ्यातून नारिंगी ओढून काढायच्या आणि बाजूला व्हायच्या.

"सूनबाई," सासरे चमचा भरता भरता म्हणाले, "आता तुला सांगतो. रागावू नकोस. मी ह्याला देत होतो. रोज दुपारी, सिस्टरची पाठ फिरली की. तुझ्यापासून लपवलं, कारण तू आकांडतांडव केलं असतंस."

मी पंच्याची सुटलेली कड सारखी केली.

"ह्या लोकांच्या औषधाने काय झालं, आपण बघतोच आहोत. त्या पिठाच्या पाण्यावर माणूस जगतो का? हा चालला ना दारापर्यंत? ते माझ्या सूपावर चालला. मला आत यायचं बंद केलं आणि लगेच कसा खाली गेला, बघ. हिशोब सरळ आहे." त्यांनी त्याच्या ओठाच्या कडेचा थेंब पंच्याने टिपला. "ह्यांनी काही केलं नाही. इतके दिवस हा टिकला, तो एवढ्यावर टिकला. खरं की नाही?"

ते माझ्याकडे बघत होते. त्यांना माझं उत्तर हवं होतं, उद्यापासून त्यांना त्यावरच राहायचं होतं. नवराही माझ्याकडे बघत होता. इतक्या दिवसांत मी मनात पाठ करून ठेवलेलं ते चार शब्दांचं वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, आणि ते खरं होतं की नाही हे मला कुणीही, कधीही सांगू शकणार नव्हतं.

"खरं आहे, बाबा," मी म्हटलं.

"मग," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचा चमचा भरला.